थांब्याचं गाव

गेल्या जुलैत धाकट्या बहिणीकडे ॲडलेडला गेले होते. तिकडे तेव्हा हिवाळा. "ताई, समुद्र काय, तुमच्या मुंबईतही आहे. तुम्हाला वाळवंट दाखवतो," म्हणत मेहुण्यांनी कूबर पीडीचा बेत आखला. ओपलच्या खाणींचं, जमिनीखाली घरं करून राहणारं हे गाव ॲडलेडपासून साडेआठशे किलोमीटरवर. वाटेत पोर्ट ऑगस्टा लागतं. मेहुण्यांच्या हिशेबात त्याची किंमत टाकीभर पेट्रोल, कपभर चहा आणि एकदा बाथरूम, एवढीच. बहुतेक सगळ्यांच्याच हिशेबात तेवढी असते म्हणा!

स्पेन्सर आखात जिथे संपतं तिथे हे गाव आहे. ॲडलेडहून ३०० किलोमीटर; वस्ती १३-१४ हजारांची. एक रस्ता इथून उत्तरेला थेट डार्विनपर्यंत जातो, सुमारे २७०० किलोमीटर. दुसरा पश्चिमेला पर्थच्या दिशेने. दोन्हीकडे पुढे नुसती लाल माती. म्हणून याला आउटबॅकचं, म्हणजे तिथल्या रखरखीत अंतर्भागाचं दार म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. प्रवाशांच्या माहिती केंद्रात माझ्याच वयाची एक बाई बसली होती. आम्ही नकाशा मागितला, तर तिनेच उलटतपासणी सुरू केली. पाणी किती घेतलंय? कुठे निघालात ते कोणाला सांगून ठेवलंय? वाटेत एका टप्प्यात अडीचशे किलोमीटर पंप नाही, माहीत आहे ना? आणि अंधारात गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात. गाडी बंद पडलीच तर तिच्याजवळच थांबा, चालत निघू नका. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. अगदी आजीने नातवंडांना बजावावं तसं! मेहुणे जरा फुरंगटलेच, पण बहिणीने डोळे वटारले आणि मुक्काम पडला.

संध्याकाळी पाण्याच्या कडेने चालायला गेलो. याच बंदरात १८६६च्या तोंडावर सव्वाशेच्या आसपास उंट आणि ३१ उंटवाले उतरले होते. थॉमस एल्डर नावाच्या व्यापाऱ्याने ते कराचीहून मागवले. तेव्हा कराची आपल्याच मुंबई इलाख्यात होती, त्यामुळे ऐकताना उगाच घरचं काही निघाल्यासारखं वाटलं. त्यांच्यातले आणि मागाहून आलेले बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण. तिथल्या गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट अफगाण करून टाकलं. आतल्या भागात रसद, लोकर, तारायंत्राचं सामान पोचवलं ते याच लोकांनी. 'घॅन' या रेल्वेगाडीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं, असं सांगतात. बायकांना मात्र बहुतेकांना आणता आलं नाही. गावाबाहेर वेगळी वस्ती करून ते राहिले. त्यांच्या मागे गावाकडे राहिलेल्या बायकांनी किती वर्षं वाट पाहिली असेल, हे कुठल्या फलकावर लिहिलेलं असतं?

रात्री मोटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत एक तरुण मुलगी भेटली. नववा लागलेला. पर्यटक असेल म्हणून मी विचारलं, "कुठे निघालात?" ती हसून म्हणाली, "कुठेच नाही, मी थांबलेय." चारशे किलोमीटर आत त्यांचं गुरांचं स्टेशन, म्हणजे मोठं कुरण. बाळंतपणाची सोय तिथे नाही, आणि पाऊस झाला की कच्चा रस्ता बंद. म्हणून दिवस भरण्याआधी काही आठवडे या गावात येऊन राहायचं. फ्लाइंग डॉक्टरांचं विमान आहे, पण ते अडीनडीला. थोरला मुलगा घरूनच शिकतो. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला रेडिओवरून सुरू झालेली 'हवेतली शाळा' आता इंटरनेटवर भरते. नवरा गुरांमागे. सरकार मुक्कामाचा थोडा खर्च परत देतं, बाकी पदरचा. "आणि सोबतीला?" ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "हा आहे ना!"

मला रात्री झोप लागेना. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपण किती सहज धरून चालतो. पण मैत्रिणींनो, सगळ्यांना कुठे ते मिळतं? आपल्याही आदिवासी भागात गरोदर बाईने आधीच येऊन दवाखान्याजवळ राहावं म्हणून 'माहेरघर' योजना आहे. कामानिमित्त अशा एका ठिकाणी गेले होते, तर खाटा रिकाम्या. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घरची पोरं, कोंबड्या कोणाच्या भरवशावर टाकून येणार बाई?" पोर्ट ऑगस्टात खोली आहे, दवाखाना आहे, पण एकटेपणाचं काय करायचं ते तिथेही कोणाला सुचलेलं नाही. दूरदूरच्या वस्त्यांतून येणाऱ्या आदिवासी बायकांना तर भाषाही परकी. आपली माणसं, आपली भूमी सोडून त्या थांबतात. अशा गावांत पर्यटक किती आले हे मोजलं जातं. ज्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नाही त्यांची रात्र कशी जाते, हे कोण विचारतं? मीही एरवी चहा पिऊन पुढे गेलेच असते.

सकाळी निघताना ती अंगणात कपडे वाळत घालत होती. बहिणीने प्रवासासाठी डिंकाचे लाडू केले होते. त्यातले चार कागदात बांधून दिले आणि बाळंतिणीला आम्ही हे देतो, असं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. डिंक म्हणजे काय, ते काही मला सांगता येईना. भाच्याने समजावलं, बाभळीसारख्या झाडाचा गोंद. तिने वास घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडे वॉटलला येतो. इथले मूळचे लोक खातात तो." मग एक लाडू तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, आणि नवरा शनिवारी येणार आहे, पाऊस नाही झाला तर, असं सांगून उरलेले आत ठेवायला गेली.