निशाण कोणाच्या सोयीचे?

अमेरिकेतील ह्यूस्टन बंदरातून अमेरिकन प्रवाशांना घेऊन सुटणाऱ्या विलासी जहाजांवर बहामाचे निशाण का फडकावे? परक्या देशाचे निशाण लावून करांचा, मजुरीचा व कायद्याचा भार हलका करण्याची ही जुनी युक्ती आहे. जहाजधंद्यात तिला ‘सोयीचे निशाण’ म्हणतात. ही सोय कोणाची, हा प्रश्न व्हीलचेअर वापरणाऱ्या काही प्रवाशांनी ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’विरुद्ध न्यायालयात नेला.

त्यांच्या तक्रारी बोलक्या होत्या. अपंगांना जादा भाडे. सोबतीला माणूस आणण्याची सक्ती. वैद्यकीय जबाबदारीतून कंपनीला मुक्त करणारे हमीपत्र. संकटकाळी सुटकेची साधने व्हीलचेअर पोहोचणार नाही अशा जागी. शिवाय इतर प्रवाशांच्या ‘आरामात’ बाधा आल्यास अपंगाला उतरवण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला होता. अपंगांना समान वागणूक देणारा अमेरिकन कायदा 1990 साली झाला. पण परकीय निशाणाच्या जहाजाला तो लागू नाही, असे अपील न्यायालयाने 2004 मध्ये ठरवले. 6 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मात्र जहाजाच्या ‘अंतर्गत कारभारात’ ढवळाढवळ होईल अशा फेरबदलांच्या बाबतीत बहुमत झाले नाही, आणि कंपन्यांना पळवाट उरली.

समाजवादी कार्यकर्त्याने श्रीमंतांच्या चैनीची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याने या ‘अंतर्गत कारभारा’चा इतिहास पाहावा. युनायटेड फ्रूट कंपनीच्या उपकंपनीची जहाजे होंडुरासच्या निशाणाखाली चालत. त्यांवरील खलाशांसाठी संघटनेने मान्यता मागितली, तेव्हा 1963 साली हेच तत्त्व पुढे करून अमेरिकन कामगार कायद्याचे दार त्यांना बंद करण्यात आले. खलाशाविरुद्ध घडवलेले शस्त्र चाळीस वर्षांनी अपंगाविरुद्ध उगारले गेले. तळमजल्यावर राबणारा आणि दाराच्या उंबरठ्याशी अडलेला, हे दोघे एकाच अन्यायाचे बळी आहेत.

आपल्याकडे निशाणाची सबबही लागत नाही. 2016 च्या कायद्याने अपंगांना सुगम प्रवासाचा हक्क दिला. नियमांनी मात्र सुगमतेची मानके केवळ शिफारशीदाखल ठेवली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला तो नियम बेकायदा ठरवून सक्तीची मानके करण्यास सांगावे लागले. गेटवेच्या पायऱ्या उतरून हेलकावणाऱ्या लाँचमध्ये पाऊल टाकणे धडधाकटालाही सोपे नाही. व्हीलचेअरवरील प्रवाशाला तेथे दुसऱ्याच्या हातांवाचून गती नाही. त्या हातांतील माणुसकी मोलाची खरी, पण माणुसकीवर अवलंबून राहावे लागणे म्हणजे हक्क नव्हे.

म्हणून धक्क्यावरील उतार, लाँचचे दार आणि खलाशाची मजुरी या मागण्या एकाच निवेदनात आल्या पाहिजेत. गोदी कामगार आणि अपंगांच्या संघटना एकत्र उभ्या राहतील, तेव्हाच मालकांना निशाणाआड लपणे कठीण होईल.