बाबासाहेबांच्या सिनेमाला निळा फिल्टर लावू नका



14 एप्रिल असो की 6 डिसेंबर, हिंगणघाट, पुलगाव, देवळीकडच्या विहारांत जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' भिंतीवर दाखवला जातो. कॉपी कुठली? मोबाइलवरून मोबाइलवर फिरलेली. एकीत मामुट्टींचा चेहरा पिवळा, दुसरीत राखाडी. आता आपली काही पोरं संगणकावर बसून या सिनेमाचा 'ओरिजनल कलर' परत आणताहेत. रात्र रात्र जागून, फुकटात. या कामाला आमचा विरोध नाही. पण त्यातून जे बाहेर पडतंय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना आहे.

आधी निळ्याचं बोलू. दीक्षेच्या प्रसंगावर निळी झाक चढवलेल्या क्लिपा आम्ही पाहिल्या. निळा आपला आहे, झेंडा निळा आहे, मान्य. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली होती. बाबासाहेबही पांढऱ्यात होते. अंगावर धड कपडा नसावा असा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दंडक होता, ती माणसं त्या दिवशी स्वच्छ पांढरी लुगडी, पांढरी धोतरं नेसून उभी राहिली. त्या पांढऱ्यावर निळं पाणी ओतून आपण नेमकं काय वाढवतो?

दुसरी गोष्ट जास्त लागते. सॉफ्टवेअरचं 'ऑटो' बटण दाबलं की चेहरे उजळतात. उजळ! लग्नाच्या जाहिरातीतला शब्द, आता आपल्या टाइमलाइनवर. हे बटण निर्मळ नाही. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळांमध्ये रंग जुळवायला जे नमुना-कार्ड असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, बाकीच्यांनी आपापलं बघावं. आजही आपल्या पोरांच्या सेल्फीवर फोनचा कॅमेरा न विचारता कातडी फिकट करतो. महाडच्या तळ्यावर उन्हात उभ्या माणसांची कातडी पडद्यावर रापलेली दिसलीच पाहिजे. ती गोरी करणं ही सुधारणा कोणाच्या डोळ्यांसाठी?

"भावना महत्त्वाची, रंगाचं काय एवढं?" असं एक कार्यकर्ता आम्हाला म्हणाला. दादा, भावनाच दाखवायची तर क्लिपेवर 'आमची आवृत्ती' लिहा, कोणी अडवत नाही. 'ओरिजनल' लिहिलंत की पुरावा द्यावा लागतो.

आणि ओरिजनल म्हणजे काय, तेही समजून घ्या. निगेटिव्हवर टिपलेला रंग शेवटचा नसतो. प्रिंट काढताना लॅबमध्ये प्रत्येक शॉटला लाल, हिरवा, निळा प्रकाश किती द्यायचा हे ठरवतात, त्यातून पडद्यावरचा रंग घडतो. या सिनेमाचे छायालेखक अशोक मेहता होते, आता ते हयात नाहीत. पुढे तीच प्रिंट टेपवर जाते, टेपवरून सीडीत, सीडीतून नेटवर, आणि प्रत्येक टप्प्यावर रंग थोडा घसरतो. ज्या फ्रेममध्ये ऊन जळून नुसतं पांढरं झालंय, तिथला तपशील त्या कॉपीत उरलेलाच नाही. सॉफ्टवेअर तिथे जे भरतं ते त्याच्या मनचं. म्हणून कितीही हुशार पोरगा असला तरी फिकट कॉपीतून तो अंदाजच काढू शकतो. खरा रंग हवा तर निगेटिव्ह किंवा चांगली 35 मिमी प्रिंट हवी.

ती कुणाकडे मागायची? हा सिनेमा एनएफडीसीने काढला, पैसा केंद्राचा आणि महाराष्ट्र सरकारचा, म्हणजे आपला. तमिळ आवृत्ती पडद्यावर यायला मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे 2010 मध्ये ती आली. आता दुसरी बाजू बघा, आपण तर सेवाग्रामच्या जिल्ह्यातली माणसं. 1982 च्या ॲटनबरोंच्या 'गांधी'तही एनएफडीसीचा पैसा होता. त्या सिनेमात आंबेडकर नावाचं पात्रच नाही. तो 2020 मध्ये 4के डिस्कवर लख्ख रंगात बाजारात आला, अमेरिकन कंपनीने काढला. बाबासाहेबांचा सिनेमा मात्र आपल्या पोरांनी रात्री जागून धुवायचा!

2022 पासून पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही एनएफडीसीच्याच छताखाली आहे. त्याच वर्षी 2,200 सिनेमांच्या पुनरुज्जीवनासाठी 363 कोटी रुपये केंद्राने जाहीर केले. जब्बार पटेल आपल्यात आहेत, रंग बरोबर की चूक हे सांगू शकणारा माणूस उद्या मिळेलच असं नाही. तेव्हा काम करणाऱ्या पोरांनी आपली फाइल टाकताना कॉपी कुठली, काय बदललं, हे खाली लिहावं, आणि मूळ कॉपी शेजारी ठेवावी. बाकीच्यांनी माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: निगेटिव्ह कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, 4के स्कॅन कधी करणार. अर्जाला एक पान पुरतं, शुल्क 10 रुपये. प्रत्येक विहारातून एक अर्ज गेला पाहिजे.