टूर संपली की दोन दिवस आपले!

परदेशी टूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. नुकतेच रिटायर झालेले काका-काकू, गळ्यात टूर कंपनीचं ओळखपत्र, डोक्यावर एकसारख्या टोप्या आणि सगळ्यांत पुढे झेंडा धरलेला टूर मॅनेजर! कॉलेजच्या कट्ट्यावर या चित्राची भरपूर टिंगल होते. 'आपण जाऊ ते पाठीवर सॅक टाकून, एकटे!' असं प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो.

मला ही टिंगल पटत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या उचगावच्या शेजारीच आहे, पण विमानं खालून बघण्यातच अनेकांचं आयुष्य गेलं. अशा माणसाला व्हिसा, हॉटेल, बस आणि रात्रीचं वरण-भात कुणीतरी बघतंय, याचा केवढा आधार असतो! तेव्हा ग्रुप टूर जरूर करावी. मात्र ती इटलीची असेल तर शेवटी दोन-तीन दिवस स्वतःचे जोडावेत, आणि कोल्हापूरकरानं ते फ्लॉरेन्सलाच जोडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्लॉरेन्सच का? कारण टूरच्या कार्यक्रमात या शहराच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. उंचावरून शहराचा फोटो, कॅथेड्रलपुढे फोटो, चौकातल्या पुतळ्यांपुढे फोटो आणि चला बसमध्ये. आपल्या कोल्हापूरचा एक राजा या गावात कायमचा राहिलाय, हे त्या गर्दीत कुणाच्या कानावरही पडत नाही.

हा राजा म्हणजे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). राजर्षी शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज ते वेगळे, हे त्यांच्या कितीतरी आधीचे. जन्म १८५०चा. १८७० साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. सोबत कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी आणि लवाजमा, म्हणजे एका अर्थी तीही 'गाइडेड टूर'च! प्रवासात महाराज इंग्रजीत डायरी लिहीत होते. ती पुढे १८७२ मध्ये लंडनला पुस्तकरूपात छापली गेली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस! आपल्यापैकी कितीतरी जण आज त्याच वयाचे आहेत.

त्या काळी इटलीत दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी मिळवून अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी देण्यात आला. प्रयाग चिखलीचा संगम ठाऊक असलेल्या आपल्या माणसांना जागा संगमाचीच का निवडली, हे वेगळं सांगायला नको. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे आणि चौथऱ्यावर चार भाषांत लेख. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. आपला न्यू पॅलेसही त्यांनीच आखला! योगायोग बघा, ही छत्री ज्या मोठ्या उद्यानात आहे त्याचं नाव 'काशीने'. आणि फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंदियानो', म्हणजे भारतीय माणसाची जागा, असं म्हणतात.

आता आपल्या इंजिनिअरांसाठी थोडं. छत्रीजवळच अर्नोवर १९७८ साली केबल-स्टेड पूल झाला, त्यालाही 'इंदियानो'चंच नाव आहे. शहरात ब्रुनेलेस्कीचा घुमट आहे. १४२० ते १४३६ या काळात, खालून लाकडी आधार न देता तो बांधला. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांनी तर हा बघावाच. पण वर जायला साडेचारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात आणि वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. गॅलिलिओच्या दुर्बिणी ज्या म्युझियममध्ये आहेत, तेही इथंच. अर्ध्या दिवसात हे कसं बसणार?

'पण आई-बाबांना जमेल का?' हा प्रश्न येणारच. म्हणूनच मी म्हणतो, स्वतःचे दिवस शेवटी ठेवा. आठ-दहा दिवसांत युरोची नाणी हाताळायची सवय होते, स्टेशनवरचे बोर्ड वाचता येतात, पाकीट पुढच्या खिशात ठेवायची अक्कल येते. टूर म्हणजे एक प्रकारचं ट्रेनिंगच समजा! टूर रोमला संपली तर तिथून वेगवान रेल्वेनं फ्लॉरेन्स साधारण दीड तासावर. स्टेशनजवळून ट्राम उद्यानाच्या पूर्व टोकाशी सोडते. छत्री मात्र पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे तिथून पुढे बरंच चालावं लागतं. सकाळी निवांत निघावं.

तयारी मात्र इथूनच करायला हवी. पैसे भरतानाच कंपनीला सांगा की परतीचं तिकीट दोन-तीन दिवस पुढचं हवं. ग्रुपचं तिकीट एकदा निघालं की तारीख बदलणं महागात पडतं, कधी जमतच नाही. व्हिसाच्या अर्जात जादा दिवस दाखवा, त्या दिवसांचं हॉटेल बुकिंग जोडा आणि विमाही शेवटच्या दिवसापर्यंतचा काढा. लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड!

खर्च वाढतो, हे खरं. पण लाखो रुपये भरून, बारा तास विमानात बसून इतकं लांब गेल्यावर दोन दिवसांसाठी मागं फिरायचं? ती बचत मला तरी महाग वाटते.

आणि हे काम आपलं आहे. तिकिटं, नकाशे, हॉटेल ही सगळी शोधाशोध आपण मोबाईलवर तासाभरात करतो, आई-बाबांना तीच डोंगराएवढी वाटते. कट्ट्यावर त्यांच्या टोप्यांना हसण्यापेक्षा एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून दोन दिवसांचा कार्यक्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. त्यात पहिल्याच ओळीत संगमावरची छत्री असू द्या. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं एकटा असलेल्या त्या वीस वर्षांच्या पोराला गावाकडचं कुणीतरी भेटेल.

बघा, पटतंय का!