पावसाहून धुके अवघड



हवेतून प्रकाशझोताने इंटरनेट नेणे आपल्या पावसाळ्यात अशक्यच, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. सातारा आणि सांगली त्यांनी एकाच मापाने मोजले, ते मला मान्य नाही. पावसाचा थेंब मिलिमीटरचा असतो. धुक्याचे कण मात्र काही मायक्रॉनचे, अवरक्त प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे आणि संख्येने अफाट. म्हणून मुसळधार पावसात प्रकाशाच्या तीव्रतेत किलोमीटरमागे १०-२० डेसिबल घट होते, तर अतिदाट धुक्यात ती शंभरावर जाते. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ढगांची प्रयोगशाळा तिथे थाटली ती त्यामुळेच. तिथे एकट्या प्रकाशावर विसंबू नये, हे खरे.

सांगलीच्या सपाटीवर मात्र टप्पे किलोमीटरभराचे ठेवून जोडीला रेडिओ दुवा द्यावा. उच्च वारंवारतेच्या रेडिओलहरींना पाऊस छळतो, प्रकाशाला धुके. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कमी. २०२१ मध्ये प्रकाशझोताने इंटरनेट नेणाऱ्या टारा प्रकल्पाने काँगो नदीवर, ब्राझाव्हिल ते किन्शासा, सुमारे पाच किलोमीटरचा प्रकाशदुवा चालवून दाखवला. २०१९ च्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्यात होता. अशा वेळी छतावरून छतावर जाणारा, बॅटरीवर चालणारा दुवा किती मोलाचा! महापालिकेने आयर्विन पुलाजवळ, सांगली ते सांगलीवाडी, एक पूर्ण पावसाळा त्याची चाचणी घ्यावी.

– एक वाचक, सांगली