आजीबाईंची रजा

आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र नुकतेंच आमच्या हातीं आलें आहे. बाई पुण्यास कोथरुडांत राहतात व हिंजवडीच्या एका कचेरींत संगणकाचें काम करतात. बाळंतपणाची रजा संपवून त्या कामावर रुजू झाल्या, तेव्हां मूल कोणीं सांभाळावयाचें हा प्रश्न घरांत निघालाच नाहीं, सासूबाई होत्याच. तीस वर्षें शाळेंत शिकवून त्या नातवाच्या जन्माच्या वर्षींच निवृत्त झालेल्या. गाणें पुन्हां शिकावयाचें म्हणून त्यांनीं जुना तंबोरा दुरुस्त करून घेतला होता. बाई लिहितात, "आज आठ महिने झाले, त्याची गवसणी निघालेली नाहीं. माझें स्वातंत्र्य मीं कोणाच्या स्वातंत्र्यावर उभें केलें आहे?"

हा प्रश्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. नोकरी करणाऱ्या मातेचा कैवार घेणारे बहुधा तिचा व तिच्या कचेरीचा तेवढा विचार करतात. घरांतील दुसऱ्या बाईचा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

कायद्यानें आपल्याकडून बरेंच केलें आहे. मुंबई इलाख्यांत कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतिविषयक कायदा १९२९ सालीं झाला. त्याच्या आदल्या वर्षीं कायदेकौन्सिलांत त्या बिलाला पाठिंबा देतांना, मातेची विश्रांति ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, असें डॉ. आंबेडकरांनीं प्रतिपादिलें होतें. पुढें १९६१ च्या कायद्यांतील १२ आठवड्यांची रजा २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक नोकर असतील तेथें पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें हें सर्व कायम ठेविलें. मात्र पित्याच्या रजेचें कलम तींत घातलें नाहीं. म्हणजे २६ आठवडे मूल कायद्याच्या लेखीं आईचें, आणि सत्ताविसाव्यापासून व्यवहाराच्या लेखीं आजीचें!

"पण आजी कोठें तक्रार करते?" असें कोणी विचारील. नातवंड म्हणजे दुधावरची साय, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु साय आवडते म्हणून एखादीनें दिवसभर चुलीपाशीं उभें राहून दूधच तापवीत बसावें, हा न्याय नव्हे. जी तक्रार करीत नाहीं, तिला आधीं विचारावें.

यावर सुनेनें नोकरी सोडावी, हा उपाय आम्हांस मुळींच पसंत नाहीं. एका बाईची गवसणी काढण्यासाठीं दुसरीची पदवी पेटींत ठेवण्यांत काय मिळविलें? आठवड्यांतील दोन दिवस सर्वस्वीं आजींचे म्हणून ठरवावे. त्या दिवशीं मूल पाळणाघरांत राहिलें तर आईच्या मायेस उणेपणा येत नाहीं. आणि संध्याकाळीं मुलाला आणणें, भरविणें, निजविणें हें वडिलांनीं 'मदत' म्हणून नव्हे, आपलें काम म्हणून करावें.

पत्रलेखिकेच्या पतिराजांस आमचें सांगणें एवढेंच कीं, येत्या बुधवारीं कचेरींतून दोन तास लवकर निघावें, मुलाला कडेवर घ्यावें, आणि आईच्या तंबोऱ्याची गवसणी आपल्या हातानें काढावी. पुढच्या बुधवारींही असेंच लवकर यावें.