आठवणीचा दर

जुनी भांडी मोडीत घालताना भाव वजनावर ठरतो. भांडणाला जागा राहत नाही. पण आजोबांची, दुरुस्त करून नवी केलेली गाडी विकायची म्हटली की तराजू कुठला धरावा, हेच कळेनासे होते.

आमची गाडी म्हणजे महिंद्रांची 'एफसी-१५०' पिकअप. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या आराखड्यावरून ही गाडी १९६५ पासून आपल्याकडे बनू लागली. हिला नाक नाही. चालक पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या नि शेजाऱ्याच्या मधोमध. सावंतवाडीहून आंब्याच्या पेट्या नि चितारआळीतली लाकडी खेळणी घेऊन ती आंबोलीचा घाट चढून बेळगावला जाई, तेव्हा शेजारी बसणाऱ्याची मांडी शेकून निघे. आजोबांनंतर ती बाबांकडे आली, बाबांनंतर आम्हां भावंडांकडे. धाकट्याने दोन वर्षे खपून तिला पुन्हा चालती केली.

पुढे घराची वाटणी झाली आणि गाडीच्या डोक्यावरचे छप्पर गेले. विकायचे ठरले, किमतीवर मात्र अडले. मुंबईची ताई म्हणाली, "आजोबांची गाडी, आणि एवढ्यात द्यायची?" धाकट्याने मुकाट्याने बिलांची फाइल पुढे केली. वाट त्या फाइलीनेच दाखवली. गिऱ्हाईक लोखंडाचा भाव देईल, कारागिरीचाही देईल. आजोबांच्या मायेचा त्याने का द्यावा? उलट, धाकट्याची दोन वर्षे आमच्यापैकी कुणीच हिशेबात धरली नव्हती. मग ठरले ते असे : आलेल्या पैशांतून आधी त्याचा खर्च आणि मजुरी, उरेल त्याचे सारखे वाटे. ताईनेच ते कागदावर लिहून काढले.

सरकारी कागदांपुढे मात्र हळवे होऊन चालत नाही. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी. विक्रीसाठी मग २९ आणि ३०. नोंद बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्याच माथी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा नुसत्या विश्वासावर किल्ली देऊ नये.

वेंगुर्ल्याकडच्या एका बागायतदाराने गाडी नेली. व्यवहार पुरा झाला. आजोबा त्यात धरलेले नव्हते. ते आमच्याकडेच राहिले.