“आमच्या स्टाफची काहीच तक्रार नसते!”

असं एखादे मालक, मॅनेजर किंवा (हो, आमच्यातलेच) डॉक्टर अभिमानाने सांगतात, तेव्हा मला हाय बीपी आठवतं. त्यातही बहुतेकदा काहीच तक्रार नसते.

काही वर्षांपूर्वी राउंडच्या घाईत मी एका रुग्णाला पेनिसिलिन गटातलं इंजेक्शन लिहिलं. पेनिसिलिनची ॲलर्जी केसपेपरच्या पहिल्याच पानावर नोंदवलेली होती. सिस्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी इंजेक्शन दिलं नाही, पण मला सांगितलंही नाही. दोन तास थांबून रेसिडेंटकडून औषध बदलून घेतलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सर, मागे एकदा शंका विचारली होती, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात.” मला ते आठवतही नव्हतं. त्यांना वारासकट आठवत होतं.

माणसं भित्री असतात म्हणून गप्प बसत नाहीत. त्यांचा हिशोब सरळ असतो: बोललं तर नुकसान आज आणि माझं; फायदा झालाच तर उद्या, आणि दुसऱ्या कुणाचा तरी.

“धाक नसेल तर शिस्त राहत नाही” म्हणणाऱ्यांनी टेनेरिफचा अपघात वाचावा. २७ मार्च १९७७, दाट धुकं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कंपनीतल्या ज्येष्ठ कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षांत विमान कंपन्यांनी ज्युनिअरला बोलायला आणि कॅप्टनला ऐकायला रीतसर शिकवलं. आपल्याकडच्या किती हॉस्पिटलांत हे शिकवतात?

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला तर १९९० च्या दशकात हॉस्पिटलांमध्ये उलटंच चित्र दिसलं. चांगल्या टीमच्या वॉर्डात औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. म्हणजे ‘आमच्याकडे शून्य चुका’ असा बोर्ड दिसला तर खूश होण्याआधी थोडं थांबा.

आणि एक तुमच्यासाठी. ॲडमिट असताना सिस्टर तिसऱ्यांदा नाव आणि ॲलर्जी विचारतात, तेव्हा “किती वेळा तेच तेच विचारता हो?” असं खेकसणारे नातेवाईक मी रोज पाहतो. चौथ्यांदा त्या विचारत नाहीत.